परिच्छेद चारची दुरुस्ती

'संगणक खोटे बोलत नाही' हे वाक्य मी प्रथम एका आरोपपत्रात वाचले आणि त्याखाली लाल शाईने रेघ ओढली. आरोपपत्रात पुरावा लिहायचा असतो, सुविचार नव्हे. संगणकाला जे विचारावे तेवढेच तो सांगतो. काय विचारायचे राहून गेले आहे, हे तो कधीही सांगत नाही. हा फरक ज्यांना कळत नाही अशा लोकांच्या हाती इतरांच्या नोकऱ्या असतात, आणि म्हणून माझ्यासारख्याला या वयातही पोस्टाच्या रांगेत उभे राहावे लागते.

पोटासाठी मी धुळ्यातल्या एका सूतगिरणीत उपकरण विभागाचा मेकॅनिक होतो. टायमर, दाबमापके, पहारेकऱ्यांची घड्याळे असली दुरुस्तीची कामे. आणि संतापासाठी मी बचाव सहायक होतो. हे दुसरे काम बाहेरच्या वाचकाला समजावून सांगावे लागेल.

कामगारावर आरोप ठेवला की त्याला काढण्यापूर्वी कंपनीला आपल्याच आवारात चौकशी करावी लागते. न्यायाधीशाच्या जागी चौकशी अधिकारी बसतो. त्याला मालक नेमतो. आरोपाच्या बाजूने सादरकर्ता अधिकारी बोलतो. त्यालाही मालकच नेमतो. टेबल मालकाचे, पंखा मालकाचा, चहा मालकाचा. कामगाराच्या बाजूला एकच खुर्ची असते, तिच्यावर बचाव सहायक बसतो. तो बहुधा वकील नसतो. कायद्याची पुस्तके वाचून डोळे खराब केलेला एखादा सहकारी असतो. आणि ज्याचा बचाव करायचा त्याला त्या कागदांत 'अपचारी कर्मचारी' म्हणतात. अपचार सिद्ध व्हायचा असतो, पण पदवी आधीच बहाल केलेली असते. या शब्दाला मी प्रत्येक चौकशीत लेखी हरकत घेतली आहे. प्रत्येक वेळी ती 'नोंद घेतली' या शेऱ्यासह फाइलमध्ये गाडली गेली आहे.

किती प्रकरणे जिंकलो हे सांगण्यासाठी हा लेख नाही. मात्र एक हरलेले प्रकरण आधी सांगणे भाग आहे, कारण पुढचे सारे त्यातून निघाले.

आमच्या गिरणीत काशीराम नावाचा पहारेकरी होता. पहारेकऱ्याच्या खांद्याला एक जड घड्याळ लटकवलेले असे. आवाराच्या ठरावीक कोपऱ्यांत साखळीला किल्ल्या बांधलेल्या. त्या कोपऱ्यावर जायचे, किल्ली घड्याळात घालून फिरवायची, की आतल्या कागदी चकतीवर वेळेचा ठसा उमटे. गिरणीने नवी घड्याळे आणली आणि काशीरामच्या चकत्या कोऱ्या निघू लागल्या. आरोप: फेरी न मारता झोपणे. काशीराम म्हणाला, "मी दर कोपऱ्यावर किल्ली फिरवली." मी ते वाक्य सुवाच्य अक्षरात लिहून घेतले, नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांवर अकरा पानांचे निवेदन केले आणि प्रकरण हरलो. पुढे वर्षभराने त्याच्या घरी गेलो असता तो दाराचे कुलूप उघडत होता. डाव्या हाताने. किल्ली डावीकडे ओढून कुलूप घट्ट धरायची त्याची सवय, मग उलट फिरवायची. नवे घड्याळ उजवीकडे पूर्ण वळण घेतल्याशिवाय ठसा उमटवत नसे. घड्याळे दुरुस्त करणारा मेकॅनिक मी, आणि त्याला 'किल्ली कशी फिरवतोस ते करून दाखव' एवढे एक वाक्य मी बोललो नव्हतो. त्या दिवशी त्याच्या ओसरीवर घेतलेला चहा मला अजून गिळता आलेला नाही.

आता मूळ प्रकरण.

गेल्या उन्हाळ्यात अभिमन पगारे माझ्या देवपुरातल्या घरी आला. चाळिशी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट, चपला दाराबाहेर काढून त्यांची टोके भिंतीला समांतर लावणारा माणूस. नरडाण्याच्या अलीकडे केळीच्या रोपांची एक खाजगी रोपवाटिका आहे, तिथे तो ऑपरेटर. प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढवलेली रोपे तिथे हिरव्या जाळीच्या शेडमध्ये ठेवून त्यांना हळूहळू उन्हाची सवय लावतात आणि मग फैजपूर, रावेरच्या शेतकऱ्यांना पाठवतात. बाटलीतून निघालेले रोप नाजूक. आमच्या खानदेशातल्या उन्हात त्याला बारा ते चार या वेळात दर अर्ध्या तासाने फॉगरचे तुषार लागतात. दुपार कोरडी गेली तर संध्याकाळी उरतो तो पालापाचोळा.

हे तुषार सोडण्याचे काम एक संगणक करी. तो शेडच्या टोकाला कुलूपबंद केबिनमध्ये होता आणि सौर बॅटरीवर चाले. बॅटरी वाचावी म्हणून एरवी त्याला झोपवून ठेवत. वेळ झाली की तो स्वतः जागा होई, फॉगर चालवी आणि पुन्हा झोपे. अभिमनच्या पाळीत हे तीनदा चुकले. पहिल्या दोन वेळा कोणाच्या तरी तासाभरात लक्षात आले, रोपे वाचली, अभिमनला मेमो मिळाला. तिसऱ्या वेळी सबंध दुपार कोरडी गेली आणि एका शेडमधले एकही रोप वाचले नाही.

आरोप निष्काळजीपणाचा असता तर मी इतका पेटलो नसतो. आरोप होता घातपाताचा. संगणकाच्या नोंदीत त्या तिन्ही दिवशी, फॉगरच्या वेळेआधी, एक ओळ होती: 'जागे होण्याचे कारण: कळफलक.' म्हणजे झोपलेल्या संगणकाला कोणीतरी कळ दाबून उठवले. केबिनची किल्ली अभिमनकडे. इतर ऑपरेटरांच्या पाळीत असे एकदाही झाले नाही. पुरवठादार कंपनीने यंत्र तपासून निर्दोष ठरवले. सुटी नाकारल्याचा राग म्हणून त्याने टायमर बिघडवला, असा निष्कर्ष. आणि शेवटी तो सुविचार.

"नोकरी जाईन ते जाईन, आबा," अभिमन आपल्या अहिराणीत म्हणाला. "पन रोपंस्ना मारेकरी म्हनीसन निघनू ते मले परत कोन ठेवीन? दोंडाईचा काय नि शिरपूर काय, बठ्ठ्या रोपवाटिकास्मा एकमेकास्ले फोन लावतस."

"काय काय केलंस ते क्रमानं सांग."

"मशीन झोपाडं, केबिनले कुलूप लावं, जेवाले गऊ. बस. एवढंच शे."

ते मी लिहून घेतले. त्याच सायंकाळी कंपनीला पहिले पत्र लिहिले. त्यातला परिच्छेद चार मला त्या वेळी फार आवडला होता: 'संगणक निद्रावस्थेत टाकल्यानंतर सदर कर्मचाऱ्याने त्यास पुन्हा स्पर्शदेखील केलेला नाही, हे आम्ही निक्षून नमूद करतो.' अभिमनने 'स्पर्श' हा शब्द उच्चारला नव्हता. तो माझा होता. 'निक्षून' हाही माझा.

आठवड्याने कंपनीचे उत्तर आले. कळफलकाची नोंद आणि माझा परिच्छेद चार शेजारी शेजारी ठेवून त्यांनी दुसरा आरोप वाढवला होता: चौकशीत हेतुपुरस्सर खोटे निवेदन. एका माणसाला वाचवायला निघालो आणि माझ्याच पत्राने त्याच्यावर दुसरे कलम लावून दिले.

माझी पत्नी कुसुम माझ्या पत्रव्यवहाराची जुनी टीकाकार आहे. रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले तेव्हा मी खात्याला निषेधाचे पत्र पाठवले होते, तेव्हा ती म्हणाली होती, "तुमच्या पत्रांना घाबरूनच बंद केलं असेल." या खेपेस मात्र ती थट्टेत बोलली नाही. कंपनीचे उत्तर वाचून तिने चष्मा काढला आणि एवढेच विचारले, "हे वाक्य त्याला वाचून दाखवलं होतंत का?"

नव्हते दाखवले.

दुसऱ्या पत्रात मी मागणी केली की तीन दिवसांची नव्हे, सबंध महिन्याची नोंद द्या. नकार आला. तिसऱ्या पत्रात कारणे मागितली. चौथ्या पत्राची प्रत चौकशी अधिकाऱ्यांना पाठवली. ते धुळ्याचे जुने वकील, कुवर साहेब. नेमलेले मालकाने असले तरी गृहस्थ सरळ. त्यांनी नोंद देण्याचा आदेश दिला. चव्वेचाळीस पाने आली.

आम्ही ती घरात फरशीवर मांडली. कुसुम वाचे, मी तक्ता करी. तासाभरात मी ताठ बसलो. अभिमनच्या पाळीत कळफलकाची ती ओळ तीन दिवस नव्हती, रोज होती. ज्या दिवशी फॉगर बिनचूक चालले त्या दिवशीही होती. इतर ऑपरेटरांच्या पाळीत ती एकदाही नव्हती. रोज घातपात करून रोज व्यवस्थित पाणी देणारा घातपाती मी तरी पाहिलेला नाही. पण त्याच वेळी हेही उघड झाले की माझा परिच्छेद चार खोटा होता. रोज कोणीतरी त्या संगणकाला हात लावत होते, आणि किल्ली एकाच माणसाकडे होती.

दुसऱ्या दिवशी अभिमनला बोलावले आणि आवाज चढवला. "तू मला खोटं सांगितलंस!"

त्याचे डोळे भरून आले. "आबा, बठ्ठं सांगं तुमले. आते काय ऱ्हायनं?"

मला काशीरामचे कुलूप आठवले. आवाज खाली आणला. कपाटावरचा नातवाचा जुना कीबोर्ड काढून टेबलावर ठेवला. "हे मशीन. हे दार. सांगू नकोस. करून दाखव."

अभिमनने चपला काढल्याचा अभिनय केला. खुर्चीवर बसला. चार कळा दाबल्या, "झोपनं," म्हणाला. उठला. मग खिशातून घडी घातलेला रुमाल काढला, कीबोर्ड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसला, माऊस पुसला, टेबलाची कड पुसली, रुमालाची पुन्हा घडी केली, पाठ वळवली आणि काल्पनिक दाराला कुलूप लावले.

"हे काय होतं?"

"काय?"

"पुसलंस ते!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "ते काय सांगानं ऱ्हास का, आबा? जेवन व्हयनं का मानूस हात धोवस. ते कोनी सांगस का?"

मग त्याने सांगितले. त्याची आई धुळ्याच्या एका दवाखान्यात सफाई कामगार होती. आपल्या लोकांनी काम सोडून उठताना जागा अशी ठेवायची की मागून कोणी बोट दाखवू नये, हे तिने लहानपणी त्याच्या अंगात भिनवले होते. केबिनमध्ये दिवसभर फुफाटा येई. काम करताना पुसणे त्याला पटत नसे, कारण मग चुकीची कळ दाबली जाईल. म्हणून मशीन झोपल्यावर पुसायचे. झोपलेल्या माणसाची माशी वारावी तसे. पुसताना कळा दाबल्या जात, पडदा दोन क्षणांनी उजळे. तोवर हा पाठमोरा होऊन कुलूप लावत असे.

मी त्याच दिवशी पुरवठादार कंपनीच्या जळगावच्या कार्यालयात गेलो. तिथे तेजल चौधरी नावाच्या इंजिनिअर होत्या. त्यांनीच यंत्राला निर्दोष ठरवले होते. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो, पण बाई कामातल्या निघाल्या.

"काका, टायमर मी पाच वेळा तपासला. पाचही वेळा मशीन उठलं."

"त्याला झोपवलं कोणी?"

"आमच्याच प्रोग्रॅमनं."

"आणि मधे कोणी हात लावला तर?"

"झोपलेल्या मशीनला कशाला कोण हात लावेल?"

"आमच्याकडे लावतात," मी म्हणालो. "रोज पुसायला."

त्यांनी मला जे समजावले ते माझ्या भाषेत सांगतो. संगणक झोपतो तेव्हा सगळे घर झोपते, फक्त एक पहारेकरी जागा असतो: छोट्या बॅटरीवर चालणारे आतले घड्याळ. त्याच्याकडे एकच पाटी. प्रोग्रॅम झोपायला जाताना पाटीवर लिहितो, 'बाराला उठव.' घर कशानेही जागे झाले की पहारेकरी पाटी पुसून टाकतो. प्रोग्रॅम पुन्हा झोपताना नवी वेळ लिहीलच, असे गृहीत धरलेले. पण कोणी वापरत नाही असे पाहून यंत्र आपण होऊन डुलकी घेते, तेव्हा प्रोग्रॅमला कोणी विचारत नाही. पाटी कोरी राहते. पहारेकरी इमानदारीने जागा असतो. त्याला कोणी काही सांगितलेलेच नसते.

तेजलबाई बोलता बोलता थांबल्या. स्वतःच्याच शब्दांचा अर्थ त्यांना लागला असावा. "पण मग रोजच बिघडायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

हीच गाठ मला तेव्हा सोडवता आली नाही. तरीही मी पाचव्या आणि सहाव्या पत्राने प्रत्यक्ष पाहणी मागितली. घाई केली; कबूल करतो.

पाहणीच्या दिवशी शेडमध्ये कुवर साहेब, कंपनीचे व्यवस्थापक दुसाने, तेजलबाई, दुसरा ऑपरेटर विलास आणि आम्ही दोघे. निलंबित असल्याने अभिमनला केबिनमध्ये लेखी परवानगीने सोडले. पावणेबाराला त्याने मशीन झोपवले, पुसले, बाहेर आला. काचेतून सगळ्यांना दिसले की पडदा उजळला. मी छाती फुगवून घड्याळाकडे पाहत उभा राहिलो. बाराच्या ठोक्याला सुर्र आवाज झाला आणि फॉगर चालू झाले. नेमका मी नळीखाली उभा होतो.

"आबा," दुसाने हसून म्हणाले, "तुमचा मुद्दा पाण्यात गेला."

विलासने तोंड वळवून हसू दाबले. अभिमन मात्र फॉगरखालची रोपे बघत होता. मी ओल्या सदऱ्याने शिरपूरहून येणाऱ्या एस.टी.त बसलो. अभिमन शेजारी होता. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, आबा. मी राजीनामा दी टाकस. निदान कागदवर घातपात येवाव नही."

"राजीनामा दिलास तर तुझ्याविरुद्ध पहिलं पत्र मी लिहीन," मी म्हणालो.

घरी पुन्हा चव्वेचाळीस पाने फरशीवर आली. कुसुम वाचत होती: "अकरा बेचाळीस. चालू. अकरा एकोणपन्नास. चालू. अकरा नऊ. बंद." ती थांबली. पुढची पाने चाळली. "अहो, बंद पडलं त्या तिन्ही दिवशी हा अकरालाच जेवायला गेलाय. बाकीच्या दिवशी पावणेबारा-बाराला. अकराला कशाला गेला?"

अभिमनला फोन लावला. उत्तर एका श्वासात आले. फैजपूरचा ट्रक रोपे न्यायला येई त्या दिवशी बारापासून माल भरावा लागे, म्हणून दुसाने साहेबच म्हणत, लवकर जेवून ये. ट्रक महिन्यात तीनदा आला होता.

मग तेजलबाईंना फोन. "कोणी वापरत नसलं तर मशीन किती वेळानं आपोआप झोपतं?"

"अर्ध्या तासानं, काका." मग त्यांच्याच लक्षात आले. "अरे देवा."

हिशेब सरळ होता. पावणेबाराला पुसले तर यंत्र सव्वाबारापर्यंत जागेच राहते. बारा वाजता प्रोग्रॅम जागा असतो, तुषार सोडतो आणि झोपताना पाटी नीट लिहितो. अकराला पुसले तर साडेअकराला यंत्र आपणहून झोपते. पाटी कोरी. बारा येतात आणि जातात.

सातवे पत्र लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि ते सर्वांत लहान आहे. 'माझ्या पहिल्या पत्रातील परिच्छेद चार चुकीचा आहे. ते विधान सदर कर्मचाऱ्याने केलेले नाही, ते मी माझ्या मनाने लिहिले. त्याबद्दल दुसरा आरोप ठेवायचाच असेल तर तो माझ्यावर ठेवावा.' आयुष्यभर इतरांकडून लेखी दिलगिरी मागितली. स्वतःची लिहिताना कळले की हात खरोखर जड होतो.

कुवर साहेबांनी दुसरी पाहणी मंजूर केली; तिच्याआधी विलासची उलटतपासणी होती. मी एकच प्रश्न विचारला.

"विलासभाऊ, ते मशीन तुम्ही शेवटचं कधी पुसलंत?"

विलास गोंधळला. दुसानेंकडे पाहिले. "दिवाळीला."

"या दिवाळीला?"

"...गेल्या."

कुवर साहेबांनाही हसू आवरेना. मी हसलो नाही. "साहेब, नोंद घ्यावी. ज्याने वर्षभर फडका लावला नाही त्याच्या पाळीत यंत्र निर्दोष. ज्याने रोज लावला तो अपचारी."

अकरा वाजून दहा मिनिटांनी अभिमनने मशीन झोपवले आणि पुसले. पडदा उजळला. आम्ही सगळे काचेबाहेर उभे. जाळीखाली ऊन असे होते की लोखंडी खांबाला हात लावता येत नव्हता. अकरा चाळीसला पडदा काळा झाला. दुसाने आता हसत नव्हते. बारा वाजले. फॉगरच्या तोट्या कोरड्या. बारा पाच. तेजलबाई पुटपुटल्या, "नाही उठलं."

मी पेन काढले. हा क्षण मला शब्दशः कागदावर हवा होता: वेळ, उपस्थित, सह्या. "कोणीही हलू नये," मी म्हणालो. "सव्वाबारापर्यंत थांबू आणि पंचनामा करू."

बारा दहाला अभिमन हलला. शेडच्या टोकाला हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह होता, तिकडे तो चालू लागला.

"थांब! तू निलंबित आहेस! तुला हात लावायचा अधिकार नाही!" हे ओरडलो ते दुसाने नव्हेत, मी.

त्याने मागे वळून पाहिले. ज्याचा बचाव मी करत होतो त्या माणसाने माझ्याकडे असे पाहिले की मी शेडमधला एखादा खांब असावा. "कागद मंग लिखा, आबा. रोपं मरी जातीन."

आणि त्याने व्हॉल्व्ह फिरवला. तुषार खाली आले. पाने थरथरली. कुवर साहेबांनी आपली वही मिटली.

"मला आणखी पुरावा नको," ते म्हणाले.

तरीही माझे काम संपले नव्हते. कंपनीचा अंतिम आदेश आला तो असा: 'संशयाचा फायदा देऊन आरोप वगळण्यात येत आहे.' मी आठवे पत्र लिहिले. संशय कसला? कारण सापडले आहे, सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे. जिथे कारण आहे तिथे संशय उरत नाही, आणि संशय नसेल तर त्याचा फायदा देण्याचा मोठेपणा कंपनीने करू नये. नववे पत्र स्मरणाचे. दहावे पत्र स्मरणाच्या स्मरणाचे. अकराव्याला दुरुस्त आदेश आला: 'दोन्ही आरोप निराधार होते.' एवढ्या चार शब्दांसाठी मी चार पत्रे लिहिली. एका शब्दाला एक. महाग म्हणता येणार नाही.

अभिमन कामावर रुजू झाला. पंधरा दिवसांनी मी सहज नरडाण्याला उतरलो. केबिनच्या दारावर छापील सूचना चिकटवलेली होती: 'संगणक पुसू नये.' यंत्र दुरुस्त करण्याऐवजी त्यांनी माणूस दुरुस्त केला होता. आत कीबोर्डवर फुफाट्याचा थर साचला होता. अभिमन चपला मात्र अजून भिंतीला समांतर काढत होता.

"पुसत नाहीस?"

"नही." त्याने हात मागे घेतले. "काम सोडीसन उठस ना, आबा, ते वाटस काहीतरी ऱ्हायनं. घर जाईसन बी वाटस."

ज्या माणसाचे नाव मी कागदावर स्वच्छ करून आणले होते, त्याच्याकडून त्याचा फडका काढून घेतला गेला होता, आणि तो मी काढलेल्या पुराव्याच्या जोरावर. बारावे पत्र मी जळगावला पाठवले, तेजलबाईंच्या वरिष्ठांना. मागणी एकच: झोपलेले यंत्र कोणीही, कितीही वेळा पुसले तरी ते वेळेवर उठले पाहिजे. यंत्राला माणसाच्या स्वच्छतेची सवय लावा. माणसाला यंत्राच्या सोयीची घाण लावू नका. तेराव्यात मुदत दिली. चौदावे लिहायला बसलो होतो तेव्हा तेजलबाईंचा फोन आला: नवा प्रोग्रॅम बसवला आहे, आता यंत्र कसेही झोपले तरी पाटी लिहिली जाते. "आणि काका, आमच्या तपासणीच्या यादीत एक नवी ओळ टाकली आहे. मशीन झोपवायचं आणि फडक्यानं पुसायचं."

ती यादी मी लेखी मागवली आहे. आली की फाइलला लावीन.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी माझा फोन वाजला. पलीकडे अभिमन.

"आबा, सकायमा ट्रक ऊना. अकराले मशीन झोपाडं. पुसं. कुलूप लावं, जेवी ऊनू." मग तो थांबला. "बारा वाजनात. आयका."

त्याने फोन शेडकडे धरला असावा. आधी नुसता वारा ऐकू आला, आणि मग दूरवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तोट्या सुर्र करून उघडत गेल्या. कुसुमने विचारले, "कोणाचा फोन? काय म्हणतायत?" मी तिला हाताने गप्प राहायला सांगितले. चौदाव्या पत्राचा कोरा कागद पुढ्यात होता. त्यावरचे पेन मी उचलून टोपण लावले आणि ते पाणी संपेपर्यंत ऐकत राहिलो.